करंड्यातली राणी

खोटं नाणं ओळखायला मला भिंग लागत नाही, असं मी चारचौघांत सांगत असे. बोटांत धरलं, फरशीवर एकदा टाकलं, की कळतं. नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यात मी तेहतीस वर्षं तपासणीत काढली. माझं कामच चुका शोधायचं. शाईचा ठिपका केसभर सरकला तरी माझ्या डोळ्यांत खुपायचा. असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की घरच्यांचं काय होतं, ते आमच्या घरच्यांना विचारा. मी आमटीत चूक काढायचो, वर्तमानपत्रात काढायचो, सुनेने शिवून आणलेल्या पडद्याच्या शिवणीत काढायचो. शेवटी ही, म्हणजे माझी बायको, म्हणाली की काहीतरी छंद लावून घ्या, नाहीतर मी कळवणला माहेरी जाऊन राहते.

मग मी नाणी जमवायला लागलो. तीही खोटी.

याला कारण होतं. नोकरीत असताना रोज संध्याकाळी फाटकावर हात वर करून उभं राहायचं, शिपाई खिसे चाचपणार, मग घरी जायचं. त्या तेहतीस वर्षांत कागदाचा एक कपटाही माझ्या अंगाबरोबर बाहेर आला नाही. पैशाच्या इतक्या जवळ राहून त्याला इतकं लांब ठेवायची सवय लागली की रस्त्यात पडलेला रुपयासुद्धा माझ्या हातून उचलला जाईना. खोटं नाणं मात्र खिशात घालून खुशाल घरी आणता येतं, कुणी हात वर करायला लावत नाही. या वयात मला त्याचीच गंमत वाटायला लागली.

देवळाली कॅम्पच्या बाजारात जुन्या बंगल्यांतलं सामान विकणारा एक म्हातारा बसतो. गोऱ्या सोल्जरांनी आणि त्यांच्या मडमांनी मागे ठेवलेलं किडूकमिडूक अजून त्याच्याकडे निघतं. त्याच्याकडून मी गोळ्यांच्या एका पत्र्याच्या डब्यात भरलेली व्हिक्टोरिया राणीच्या काळातली नाणी आणली. त्यात पितळी चकत्या होत्या, लांबून सोन्याच्या गिन्नीसारख्या दिसणाऱ्या. सोल्जर पत्ते खेळताना पैशांऐवजी त्या मांडायचे. शर्टाच्या बटणाएवढी इवलीशी नाणी होती. विलायतेतली पोरं दुकान-दुकान खेळायची त्यातली. ही ओळखायची कशी, ते मी हळूहळू शिकलो. खरं नाणं राणीची सगळी बिरुदं मिरवतं, खेळण्यातल्या नाण्यावर नुसता चेहरा नि नाव असतं, आणि कुठेतरी कोपऱ्यात कारागीर आपलं नाव घुसडतो. खरं खणखणतं, खोटं बद्द वाजतं.

त्या डब्यात एक मात्र सगळ्यांत निराळं होतं. आपल्या रुपयाएवढं, कडेला तांब्याचं कडं आणि मधे पांढऱ्या धातूची टिकली, टिकलीवर राणीचा चेहरा. मागे इंग्रजीत लिहिलेलं, वन पेनी मॉडेल. पुष्कळ दिवस मला त्याचा पत्ता लागेना. शेवटी कळलं की तिकडच्या एका कारागिराने जड तांब्याच्या पेनीऐवजी हलकी पेनी कशी असावी, याचा हा नमुना करून दाखवला होता. लोकांना ती खरीच वाटली, इतकी की ही आमची नव्हे म्हणून सरकारी टाकसाळीला सांगावं लागलं. पुढे ती पोरांच्या खेळात गेली. त्या पेनीवर माझा जीव जडला. घरात दुसऱ्या कुणाला तिचं काही नव्हतं. ही म्हणायची, तुमची ती खोटी नाणी माझ्या देवाजवळ आणायची नाहीत.

तेवढं वाक्य माझ्या मनात सलत राहिलं.

या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला चौरंगावर नेहमीसारखं ताट मांडलं. त्यात हिच्या आईने दिलेले चार राणीछाप रुपये, सुनेच्या बांगड्या, लाह्या-बत्तासे. आरती झाली, सगळे खाली फटाके बघायला गेले, आणि मी गुपचूप ती पेनी हळदीकुंकवात बुडवून राणीछापांच्या मधे सारून दिली. म्हटलं, बघू या हिच्या लक्षात येतं का. सकाळी उत्तरपूजा करताना ही रुपये धुऊन पुसून ठेवेल, तेव्हा पेनीही त्यांच्याबरोबर डब्यात जाईल, मग मी विचारीन, काय, राणी-राणीत फरक कळला नाही ना? साठी उलटलेल्या माणसाचा हा पोरकटपणा होता. तेव्हा मला तो फार हुशारीचा वाटला.

आमच्याकडे उत्तरपूजा होईपर्यंत त्या ताटाला कुणी बोट लावत नाही. लक्ष्मी रात्रभर तिथे असते, असं ही मानते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं या एका रीतीवर मी बेतलं.

पाडव्याच्या सकाळी चहा घेऊन ताटाजवळ गेलो. रुपये चारही होते. पेनी नव्हती. मला हसू आलं, मग आश्चर्य वाटलं, कारण ही अजून आंघोळीला गेलेली होती आणि उत्तरपूजा व्हायची होती. तेवढ्यात आतून सुनेचा आवाज आला. आमची नात, तीन वर्षांची, दूध पीत नव्हती. कपाशी तोंड नेलं की मान फिरवत होती आणि तिच्या हनुवटीवरून लाळ सारखी गळत होती. मघाशी तर बाल्कनीत खेळत होती, सून म्हणाली. मी ताटाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. ताटाला कुणी हात लावत नाही. ज्याला रीत कळत नाही असं घरात एकच माणूस होतं.

मी म्हणालो, पोरीने ताटातलं नाणं गिळलंय.

मुलाने गाडी काढली. सून पोरीला मांडीवर घेऊन मागे बसली, मी पुढे. ही घरीच राहिली, कारण चौरंगावरची समई अजून तेवत होती आणि तशी टाकून निघणं तिच्या जिवावर आलं. निघताना तिने पोरीच्या कपाळाला अंगारा लावला.

जवळच्या लहान मुलांच्या दवाखान्यात सणामुळे एकच तरुण डॉक्टरीण होती. तिने एक्स-रे काढवला. काचेवर लावला तेव्हा मी तो पाहिला आणि आजही डोळे मिटले की तोच दिसतो. एवढ्याशा बरगड्यांच्या वरती, गळ्याच्या खाली एक पांढरं शुभ्र वर्तुळ, आणि त्याच्या आत, कडेला धरून, आणखी एक. बाजूने काढलेला दुसरा एक्स-रे पोरीच्या धडपडीने पुसट आला होता.

डॉक्टरीण म्हणाली की असं दुहेरी वर्तुळ साध्या नाण्याचं येत नाही, बटणासारख्या चपट्या सेलचं येतं. सेल असेल तर तो आतून जाळत जातो, दोन तासही पुष्कळ होतात. तिने विचारलं, घरात रिमोट, खेळणं, असं काही उघडं होतं का. सून पांढरी पडली. बाल्कनीत सेलवर चालणारे दिवे लावले होते. पणत्यांनी पोर भाजेल म्हणून तिने मुद्दाम ते आणले होते.

मी मधे पडलो. आता आठवलं की अंगावर काटा येतो, पण मी तेव्हा जवळजवळ खूश होऊन मधे पडलो, कारण त्या दोन वर्तुळांचं उत्तर त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी सांगितलं की हे दोन धातूंचं जुनं नाणं आहे, बाहेर तांबं, आत पांढरा धातू, म्हणून दोन कडा दिसतात. मुलगा म्हणाला, दहाचं नाणं का? डॉक्टरणीने पट्टी लावून मोजलं, दोन सेंटिमीटरच्या आसपास. दहाचं मोठं असतं. मी म्हणालो, बरोबर, माझं एवढंच आहे. पोरीच्या तोंडातून लाळ गळत होती आणि मी पेनीवर व्याख्यान देत होतो.

डॉक्टरणीचं म्हणणं होतं की लगेच शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्या, तिथे दुर्बीण घालून काढतील. नाणंच असेल तर मात्र थोडा वेळ आहे, दुपारी त्यांचे मोठे डॉक्टर येतील, इथेच काढता येईल. पाडव्याची गर्दी, द्वारका चौकातली कोंडी, अनोळखी दवाखाना. मुलाने माझ्याकडे पाहिलं. तो लहान असल्यापासून खरं-खोटं विचारायला माझ्याकडेच येतो. मी म्हणालो, नाणंच आहे, दुपारपर्यंत थांबू.

डॉक्टरणीने एक्स-रे पुन्हा पाहिला. मग तिने मला विचारलं, "आजोबा, ते नाणं तोंडात घालताना तुम्ही पाहिलंत, की फक्त ताटात दिसत नाही म्हणून म्हणताय?"

ताटात नाही म्हणूनच, मी म्हणालो. ती म्हणाली, घरी फोन करून नीट शोधायला सांगा.

मी बाहेर व्हरांड्यात आलो. फोन हातात घेतला आणि तो लावायला मला किती वेळ लागला ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हिला विचारायचं म्हणजे आधी कबूल करायचं की तुझ्या लक्ष्मीच्या ताटात मी खोटं नाणं ठेवलं. पोरीच्या गळ्यात काहीतरी अडकलेलं असताना मला बायकोसमोर तोंड कसं दाखवायचं याची चिंता होती. मी आडून विचारलं. म्हटलं, ताटातलं काही कमी झालंय का बघ. ती म्हणाली, नाही, चारही रुपये जागच्या जागी आहेत, पोर कशी आहे? मी म्हटलं, बरी आहे. म्हणजे पेनीच गेली, मी मनाशी म्हणालो, माझं बरोबर होतं. आत जाऊन सांगितलं, नाणंच.

सून पोरीला घेऊन खुर्चीत बसली होती. पोर रडत नव्हती, ते मला आवडलं नाही. तिने एकदा खोकल्यासारखं केलं आणि रुमालावर लाळेबरोबर तपकिरी काहीतरी आलं. अगदी थोडं. डॉक्टरणीचा प्रश्न डोक्यात परत परत वाजायला लागला, पाहिलंत की म्हणताय. छापखान्यात कुणी मला विचारलं असतं, चूक पाहिली की असेल असं वाटतंय, तर मी त्याला हाकलून दिलं असतं. मी काहीच पाहिलं नव्हतं. मी फक्त एक रीत धरून चाललो होतो आणि तिच्या भरवशावर पोरीचा गळा ठेवला होता.

पुन्हा बाहेर आलो, पुन्हा फोन लावला. या वेळी हिने हॅलो म्हणायच्या आत सांगून टाकलं की रात्री मी ताटात माझं एक खोटं नाणं ठेवलं होतं, आणि ते गायब आहे.

घाबरली की हिची माहेरची, कळवणकडची बोली वर येते, एरवी आम्ही तिला हसतो.

"मला म्हाइत हाय," ती म्हणाली. "ते माझ्या करंड्यात हाय. मी रातीच काढून घेतलं."

मी भिंतीला टेकलो. फटाके बघून वर आल्यावर ही सांडलेल्या लाह्या परत ठेवायला ताटाजवळ गेली होती. एक नाणं बोटाला हलकं लागलं. चाळीस वर्षं माझ्याबरोबर राहून तिच्या बोटांनाही कळायला लागलं होतं. खोटं नाणं लक्ष्मीपुढे रात्रभर राहणं तिला पाहवलं नाही, म्हणून रीत मोडून तिने ते उचललं आणि कुंकवाच्या करंड्यात टाकलं. पाडव्याला मला ओवाळताना ते माझ्यासमोर काढून दाखवायचं, अशी थट्टा तिने ठरवली होती. पहिल्या फोनला तिने म्हणूनच काही सांगितलं नाही. तिला वाटलं, मी त्याचीच चाचपणी करतोय. पोरीने रुपया गिळला अशीच तिची समजूत होती आणि रुपये चार भरले म्हणून तिने सुटकेचा श्वास टाकला होता.

मी म्हणालो, "बाल्कनीतले दिवे बघ. आधी दिवे बघ."

तिच्या चपला फटफट वाजल्या. दिवे उचलून ठेवल्याचे आवाज येत होते. मी मोजत होतो, एक, दोन, तीन. मग ती म्हणाली की एकाचं बूड निघालंय, आत काही नाही.

मी व्हरांड्यातूनच ओरडलो, सेल आहे, सेल आहे. तेहतीस वर्षांत मी कधी कामाच्या जागी ओरडलो नव्हतो.

त्या डॉक्टरणीचे उपकार मी विसरणार नाही. तिने माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवला नव्हता. मोठ्या दवाखान्यात तिने आधीच फोन करून ठेवला होता आणि रुग्णवाहिका दारात उभी होती. तिने मध मागवला आणि सुनेला चमच्याने थोडा थोडा चाटवायला सांगितला, वाटेत जळणं तेवढं कमी होईल म्हणाली. सून आणि मुलगा पोरीबरोबर गेले. मी रिक्षाने मागून गेलो. द्वारकेला गाडीला गाडी लागली होती, लोक नवे कपडे घालून मिठाईचे डबे घेऊन निघाले होते, आणि मी रिक्षात बसून प्रत्येक मिनिटाला घड्याळ बघत होतो. पहिल्या फोनपासून दुसऱ्या फोनपर्यंत बावीस मिनिटं गेली होती. फोनमध्ये त्या वेळा अजून आहेत. मी त्या काढून टाकत नाही.

सेल निघाला. तिथल्या डॉक्टरांनी तो स्टीलच्या वाटीत आणून दाखवला. एक बाजू चकचकीत होती, दुसरी काळी पडलेली. मला तो हातात घ्यायचा नव्हता, पण मी घेतला. वजनाला माझ्या पेनीपेक्षा हलका होता. गळ्याच्या आत भाजल्याची जखम होती. नाकातून नळी घालून तिला दूध देत होते आणि आम्हाला सांगितलं होतं की पुढचे काही आठवडे धोक्याचे. आतून रक्त येऊ शकतं, बरं होताना अन्ननलिका आवळू शकते. त्या बावीस मिनिटांनी किती बिघडवलं, हे मी विचारलं नाही. विचारायची मला हिंमत झाली नाही.

सुनेला मात्र मी सगळं सांगितलं, पेनी, ताट, पहिला फोन. दवाखान्याच्या जिन्यात, चौथ्या दिवशी. ती ऐकून घेत होती. मला वाटलं, आता सून मला जे बोलेल ते मी खाली मान घालून ऐकायचं.

ती म्हणाली, "बाबा, दिवे मीच आणले होते."

एवढंच बोलली आणि वर गेली. तिने मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

पोर आता घरी आहे. मऊ भात, वरण, दलिया, सगळं कालवून. एकदा पुन्हा दुर्बीण घालून झाली, आणखी एकदा घालायची आहे. ती जेवायला बसली की मी समोर बसतो. तिचा घास तोंडात गेला की मी माझा घास हातातच धरून ठेवतो आणि तिचा घोट खाली उतरल्याचा बारीक आवाज आला की मग खातो. तिला ठसका लागला तर ही देवघरातून, सून स्वयंपाकघरातून आणि मी आहे तिथून, तिघंही एकदम उठतो. पत्र्याचा डबा चिकटपट्टी लावून माळ्यावर टाकलाय. ती पेनी त्यात नाही. ती हिच्या करंड्यातच आहे, हिने ती परत दिली नाही आणि मी मागितली नाही.

एक दिवस पोरीला मी छापखान्याच्या फाटकाची गोष्ट सांगितली. तेव्हापासून मी बाहेरून आलो की ती दारात उभी राहते आणि म्हणते, आजोबा, हात वर. मी हात वर करतो. ती माझे खिसे चाचपते, किल्ली, रुमाल, चष्मा, सगळं काढून बघते आणि मग जा म्हणते. मग तिची पाळी. ती आ करते आणि मी वाकून तिच्या तोंडात बघतो. जीभ, इवलेसे दात, मागे अंधार.

फाटकावर मी तेहतीस वर्षं हात वर केले आणि एक दिवस घाबरलो नाही, कारण माझ्या खिशात काय आहे ते मला पक्कं माहीत असायचं. आता दारात उभा असतो, खिसे रिकामे करूनच आलेला असतो, तरी तिचा हात खिशात जातो तेव्हा मला वाटतं, तिला काहीतरी सापडेल.